न कापलेला केक : 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधील एक विवाहोपचार आणि प्रतीकवाचनाचा प्रश्न

१

चार्ल्स डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीतील मिस हॅविशॅमचा केक इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. विवाहाच्या दिवशी सकाळी वराचे पत्र येते आणि विवाह मोडतो. वधू घरातील सर्व घड्याळे नऊ वाजण्यास वीस मिनिटे असताना थांबवते. अंगावरचा विवाहवेष ती उतरवीत नाही, आणि मेजवानीच्या लांब टेबलावर मांडलेला केक तसाच ठेवते. वर्षे लोटतात, केकवर कोळिष्टके आणि बुरशी चढते, उंदीर तो कुरतडतात, कोळी त्यात घर करतात. वाचकाच्या स्मरणात हे चित्र इतके पक्के बसते की कादंबरीतील पुष्कळसा तपशील विसरल्यावरही ते शिल्लक राहते.

या केकचा अर्थ काय, हा प्रश्न परीक्षेत विचारला जातो आणि त्याची दोन उत्तरे ठरून गेली आहेत. पहिले असे की, हा केक म्हणजे थांबलेला काळ आणि कुजलेले मन. दुसरे उत्तर अलीकडचे आणि मानसशास्त्राच्या आधाराने दिले जाणारे : शुभ्र केक म्हणजे वधूचे कौमार्य, सुरी म्हणजे त्याचा भंग, म्हणून न कापलेला केक म्हणजे अभंग राहिलेले आणि म्हणूनच सडलेले कौमार्य. प्रस्तुत लेखकाने ही दोन्ही उत्तरे अनेक वर्षे वर्गात सांगितली आहेत, आणि विद्यार्थ्यांनी ती इमानाने उत्तरपत्रिकांत उतरवली आहेत. ती सर्वस्वी चुकीची आहेत असे आजही म्हणावयाचे नाही. परंतु ती अपुरी आहेत, आणि त्यांच्या अपुरेपणाचे कारण आपल्या प्रतीकवाचनाच्या सवयीत आहे, असे आता वाटू लागले आहे.

ही सवय अशी. कथेत एखादी वस्तू ठळकपणे आली की आपण तिच्यापुढे बरोबरीचे चिन्ह काढतो आणि पलीकडे एक भाववाचक नाम लिहितो. वस्तू कशासाठी केली जाते, तिचे लोक काय करतात, ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते, हे प्रश्न त्या चिन्हाच्या अलीकडेच राहून जातात. केकच्या बाबतीत हे विशेष घडले आहे. विवाहाचा केक ही पाहण्याची वस्तू आहे तशीच ती कापून वाटण्याचीही वस्तू आहे. कापणे आणि वाटणे या क्रियेवाचून तिला पूर्णता नाही. ती क्रिया लक्षात घेतली तर डिकन्सचा केक कादंबरीच्या मुख्य कथासूत्राशी कसा जोडलेला आहे ते दिसू लागते, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम उपचाराचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे, कारण आपण आज विवाहसमारंभात जो केक पाहतो तो डिकन्सच्या पात्रांनी पाहिलेला नव्हे.

विवाहात धान्याच्या पदार्थाला स्थान देण्याची चाल पश्चिमेत जुनी आहे. प्राचीन रोममधील उच्चकुलीनांच्या एका विवाहप्रकारात वधूवर गव्हाच्या एका जुन्या जातीच्या पिठाची पोळी दहा साक्षीदारांसमक्ष देवाला अर्पण करीत, आणि त्या पोळीवरूनच त्या विवाहप्रकाराला नाव पडले होते. त्या पोळीपासून आजच्या केकपर्यंत एक अखंड परंपरा आहे असे पुष्कळदा लिहिले जाते. मधल्या शतकांचा दुवा मात्र असे लिहिणारे दाखवून देत नाहीत. इंग्लंडपुरते बोलावयाचे तर अठराव्या शतकापासून पायाखालची जमीन पक्की आहे. एलिझाबेथ रॅफल्ड या पाककर्तीच्या १७६९ च्या ग्रंथात वधूच्या केकची कृती आहे, आणि त्यावर बदामाचा एक व साखरेचा एक असे दोन लेप सांगितले आहेत. टोबायस स्मॉलेटच्या 'हम्फ्री क्लिंकर' (१७७१) या कादंबरीत विवाहानंतर केक वधूच्या डोक्यावर मोडला जातो आणि त्याचे तुकडे उपस्थितांना वाटले जातात. तो तुकडा खाणाऱ्या अविवाहिताला भावी जोडीदार स्वप्नात दिसतो अशी तेथे समजूत आहे. आपल्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट ही की, येथे सुरी मुळी नाहीच. केक मोडतात. मोडण्याचा हेतूही स्पष्ट आहे : तुकडा प्रत्येकाच्या हाती पडला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात केक मोठा होत गेला. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीच्या विवाहातील केक सुमारे ३०० पौंड वजनाचा आणि सुमारे ९ फूट परिघाचा होता. परंतु तो मुख्यतः रुंद होता. उंची चढत गेली ती पुढे. १८५८ मध्ये राणीच्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहात मजल्यामजल्यांचा केक आला तेव्हा त्याचे वरचे मजले केवळ साखरेचे होते, खाण्याचा केक तळाशी. सर्व मजले खऱ्या केकचे असण्याची रीत १८८२ च्या राजपुत्र लिओपोल्डच्या विवाहापासून पुढे आली. वरच्या मजल्यांचा भार पेलण्यासाठी साखरेचा लेप कठीण करावा लागला, आणि असा केक एकट्या वधूच्या हाताने कापला जाईना म्हणून वराने सुरीला हात लावण्याची प्रथा पडली, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या संयुक्त कृतीत आपण आज दांपत्यजीवनाचा आरंभ पाहतो तिच्या मुळाशी निदान अंशतः साखरेचा कठीणपणा आहे. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ हिचा ९ फूट उंचीचा आणि ५०० पौंड वजनाचा केक वराच्या तलवारीने कापला गेला तेव्हा या प्रथेने परमावधी गाठली होती.

या इतिहासात एक लहानसा प्रसंग मोठा बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटनमध्ये केकवर साखरेचा लेप देण्यास बंदी झाली. तेव्हा पुठ्ठ्याचा अथवा प्लास्टरचा शुभ्र, मजलेदार टोप करून तो लहानशा साध्या केकवर ठेवू लागले. समारंभात टोप पाहावयाचा, छायाचित्र घ्यावयाचे, मग तो उचलून आतला केक कापून वाटावयाचा. केकमध्ये एकत्र नांदणारी दोन कार्ये, दाखविणे आणि वाटणे, येथे टंचाईमुळे एकमेकांपासून अलग झाली. टोप हा केकचा दर्शनी अंश, आतला काळा तुकडा हा त्याचा वाटपाचा अंश. आपल्याकडील लग्नघराच्या भाषेत बोलावयाचे तर पहिला रुखवताच्या जातीचा आणि दुसरा पंगतीच्या जातीचा. रुखवत मांडतात ते पाहुण्यांनी पाहावे म्हणून, पंगत मांडतात ती त्यांनी जेवावे म्हणून. विवाहाच्या केकमध्ये हे दोन्ही एकाच वस्तूत सामावले आहे, हे त्याचे वैशिष्ट्य.

अर्थाविषयी काय ? ग्लासगो विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ सायमन चार्स्ली यांनी स्कॉटलंडमधील विवाहांचा अभ्यास करून केकविषयी १९८७ मध्ये एक निबंध आणि १९९२ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की केक सर्वांना हवा असतो, परंतु त्याचा अर्थ विचारला तर बहुतेकांजवळ उत्तर नसते. चाल आहे म्हणून केक असतो. केक म्हणजे वधू आणि कापणे म्हणजे कौमार्यभंग, हा अर्थ एका जोडप्याच्या मनात मात्र उतरला होता. त्याचा परिणाम असा झाला की त्यांनी आपल्या विवाहात केकच ठेवला नाही. हे उदाहरण समीक्षकाने नीट मनन करावे असे आहे. जो अर्थ कळताच लोक ती चाल सोडून देतात, तो अर्थ ती चाल शतकानुशतके टिकविणारा अर्थ कसा असू शकेल ? अभ्यासकाला सुचलेला अर्थ आणि आचरणाऱ्यांना बांधून ठेवणारे कार्य या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्या परंपरेला हा भेद नवा नाही. विवाहात निरनिराळ्या प्रदेशांचे आणि गावांचे आचार पाळावेत असे आश्वलायन गृह्यसूत्र विवाहप्रकरणाच्या आरंभीच सांगते. त्यांचे अर्थ सांगण्याच्या भरीस ते पडत नाही. आपल्या कायद्यानेही हा विवेक राखला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जेथे सप्तपदी हा विधीचा भाग असेल तेथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. मुंडावळ्या, उष्टी हळद, उखाणा, घास यांवाचून तो अडत नाही. केक हाही त्याच अर्थाने लौकिक आहे. ख्रिस्ती विवाह चर्चमध्ये पूर्ण होतो. वसईत काय किंवा गोव्यात काय, केक कापला जातो तो चर्चमधून बाहेर पडल्यावर, समाजाच्या मंडपात. त्याने विवाह सिद्ध होत नाही. तो सिद्ध झाला हे सोयऱ्याधायऱ्यांच्या तोंडी गोड घालून त्यांना कळविले जाते, आणि ते खाऊन लोक त्या गोष्टीचे साक्षीदार आणि वाटेकरी होतात.

३

आता कादंबरीकडे वळू. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. कथेचा काळ शतकाच्या आरंभीचा. मिस हॅविशॅमचा मोडलेला विवाह त्याहूनही आधीचा. म्हणून तिचा केक मजल्यामजल्यांचा असण्याचे कारण नाही. चित्रांतून आपण जो उंच मनोरा मनात बसविला आहे तो नंतरच्या काळाचा आहे. पिपला प्रथम दिसते ती टेबलाच्या मध्यभागी असलेली, जाळ्यांनी इतकी वेढलेली एक वस्तू की तिचा आकारच ओळखू येत नाही. ते काय असावे असे मिस हॅविशॅम त्याला विचारते आणि त्याला ते सांगता येत नाही. तो वधूचा केक आहे आणि आपला आहे, हे तिलाच सांगावे लागते.

येथेच वाचकाने थांबले पाहिजे. केकचा अर्थ या कादंबरीत प्रथम कोण सांगतो ? लेखक नव्हे, निवेदक पिपही नव्हे. स्वतः मिस हॅविशॅम. त्याच अकराव्या प्रकरणात पुढे ती म्हणते की केक आणि ती दोघे बरोबरच झिजत आली, त्याला उंदरांनी कुरतडले आणि तिला उंदरांहून तीक्ष्ण दातांनी. केक म्हणजे वधू हे समीकरण तिचे आहे. आपण ते लेखकाचे म्हणून उचलले आणि समीक्षेत प्रतिष्ठित केले. एका दुखावलेल्या मनाने आपल्या दुःखाचे केलेले भाष्य आपण कादंबरीचे भाष्य समजलो. वास्तविक उत्तरार्धात डिकन्स हे भाष्य तपासून पाहतो आणि शेवटी मोडून काढतो.

त्याच प्रकरणात, केकची ओळख करून देण्यापूर्वीच, ती काठीने टेबलाकडे बोट करून सांगते की मेल्यावर आपल्याला येथे ठेवतील. त्यानंतर तिचे नातलग आत येतात. ही मंडळी तिच्या वाढदिवसाला येतात ती वारशावर डोळा ठेवून. तेव्हा ती प्रत्येकाची जागा नेमून देते : मॅथ्यू पॉकेट उशाशी, मग कॅमिला आणि तिचा नवरा, सेरा पॉकेट, जॉर्जियाना. तिचे भक्षण करण्यासाठी याल तेव्हा कोणी कोठे उभे राहावयाचे ते आता तुम्हाला कळले, असे ती बजावते.

इंग्रजी समीक्षेत या उद्गाराकडे विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून पाहण्याकडे कल असतो. परंतु ज्याने लग्नघरात पाने मांडताना पाहिली आहेत, कोणाचे पान कोठे यावरून रुसवेफुगवे होताना पाहिले आहेत, त्या मराठी वाचकाला तेथे काय चालले आहे ते ओळखणे अवघड जाऊ नये. मिस हॅविशॅम पंगत बसवीत आहे. जी पंगत तिच्या विवाहाच्या दिवशी बसावयाची होती, ज्या पंगतीत केक कापून आप्तांना वाटावयाचा होता, ती तिने रद्द केलेली नाही, पुढे ढकलली आहे. फरक एवढाच की वाढावयाचा पदार्थ आता केक नसून ती स्वतः आहे, आणि प्रसंग लग्नाचा नसून मरणाचा आहे. मराठीतला 'वाटा' हा शब्द येथे फार उपयोगी पडतो, कारण आपण तो खाऊलाही लावतो आणि इस्टेटीलाही. नातलगांना इस्टेटीचा वाटा हवा आहे. तिला तो भाऊबंदांच्या हावेचा म्हणून दिसतो, आणि स्वतःच्या देहाची वाटणी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहते. केक न कापण्यात केवळ काळ थांबविणे नाही. त्यात वाटण्यास दिलेला नकार आहे.

हा नकार त्या घरात सर्वत्र भरून राहिला आहे. घराचे नावच 'पुरेसे' या अर्थाचे आहे. हे घर ज्याला मिळेल त्याला दुसरे काही नको, असा त्या नावाचा आशय एस्टेला पिपला सांगते. घराला लागून मद्याची भट्टी आहे. एके काळी गावाला पुरवठा करणारी ती भट्टी बंद पडली आहे. आठव्या प्रकरणात पिप प्रथम येतो तेव्हा एस्टेला त्याला भाकरी, मांस आणि मद्य आणून देते, परंतु मद्याचा पेला फरसबंदीवर ठेवते आणि बाकीचे त्याच्याकडे न पाहता, एखाद्या कुत्र्याला घालावे तसे देते. अन्न दिले गेले, पण वाटले गेले नाही. त्या अपमानाने पिपला रडू येते, आणि त्याच्या सगळ्या पुढच्या महत्त्वाकांक्षेचे बीज त्या रडण्यात आहे.

याच्या उलट टोकाला कादंबरीच्या आरंभीचा प्रसंग आहे. दलदलीच्या प्रदेशात पळालेला कैदी मॅगविच पिपला दरडावून अन्न आणावयास सांगतो. पिप बहिणीच्या कोठारातून डुकराच्या मांसाची पाय चोरून नेतो. भुकेला कैदी अधाशासारखा खातो, आणि ते पाहून पिप भीतभीत त्याला म्हणतो की तुम्हाला हे आवडले याचे मला बरे वाटते. कैदी त्याचे आभार मानतो. एवढेच. परंतु पुढे एकोणचाळिसाव्या प्रकरणात जेव्हा उलगडा होतो की पिपला 'साहेब' बनविणारी संपत्ती मिस हॅविशॅमची नसून या कैद्याची होती, तेव्हा कादंबरीचा सांगाडा आपल्याला दिसतो. पिपची आयुष्यभराची चूक कोणती ? आपले भाग्य न कापलेल्या केकच्या घरातून आले असे तो समजतो. ते आलेले असते वाटून खाल्लेल्या पायमधून. एका बाजूला प्रतिष्ठित, सजविलेले, परंतु कोणालाही न मिळालेले अन्न, आणि दुसऱ्या बाजूला चोरलेले, ओबडधोबड, परंतु मनापासून दिलेले अन्न. या दोहोंमध्ये कादंबरी पसरलेली आहे. केककडे केवळ कुजण्याचे प्रतीक म्हणून पाहिले तर ही जोडी दिसत नाही, कारण मग पायला प्रतीक म्हणून काही किंमतच उरत नाही. वाटपाच्या क्रियेकडे पाहिले की दोन्ही एका रेषेत येतात.

४

केकची कथा एकोणपन्नासाव्या प्रकरणात संपते, आणि या प्रकरणातील घटनांचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. मिस हॅविशॅम पिपला बोलावून घेते. त्याच्या विनंतीवरून, हर्बर्ट पॉकेटच्या भागीदारीसाठी ती ९०० पौंड देण्याचे लिहून देते. तुझ्यासाठी काहीच नको का, असे ती विचारते. पिप स्वतःसाठी काही मागत नाही. मग ती गुडघे टेकून क्षमा मागते. अशा रीतीने या स्त्रीने आपल्या हाताने दुसऱ्याला काही दिले, आणि ज्याने मध्यस्थी केली त्याने स्वतःचा वाटा घेतला नाही. हे झाल्यानंतर आग लागते.

विवाहवेष पेट घेतो. पिप आपल्या अंगावरचे कोट तिच्याभोवती टाकतो, आणि ज्वाला विझविण्यासाठी टेबलावरचे मोठे कापड ओढतो. त्या कापडाबरोबर मधला कुजका ढीग आणि त्यात दडलेले सगळे किडे खाली येतात. केक अखेर टेबलावरून हलतो तो असा. कोणी तो कापीत नाही, वाटीत नाही. तो फक्त ज्याला पेलत होता ते कापड एका जीवाला वाचविण्याच्या कामी येते. यानंतर वैद्याच्या सांगण्यावरून तिचा बिछाना त्याच टेबलावर ठेवतात, आणि तिने काठीने दाखविलेल्या जागी ती खरोखरीच आडवी होते. गळ्यापर्यंत पांढरा कापूस, वर सैलसर पांढरी चादर. विवाहवेष जळून गेला तरी वधूपणाची छाया अजून आहे असे पिप नोंदवतो. केकच्या जागी केकसारखीच पांढरी होऊन ती पडली आहे.

तेव्हा तिचे भाकीत खरे झाले, आणि समीकरणही सिद्ध झाले, असे कोणी म्हणेल. केक म्हणजे वधू हेच लेखकाने शेवटी दाखविले नाही काय ? हा आक्षेप वजनदार आहे. परंतु भाकिताचा अर्धाच भाग खरा ठरला आहे. ती टेबलावर येते, पंगत मात्र बसत नाही. नेमून दिलेल्या जागांवर एकही नातलग उभा राहत नाही. तिच्याजवळ आहे तो पिप, ज्याला तिने त्या दिवशी कोणतीच जागा दिली नव्हती, केवळ आपल्याला टेबलाभोवती फिरवण्यासाठी आधार म्हणून वापरले होते. आणि ती वारंवार जे पुटपुटते ते भाऊबंदांविषयी नसून तिने जे केले त्याविषयी आणि क्षमेविषयी आहे.

वाटप होते ते तिच्या मृत्यूनंतर, आणि त्याची हकीकत सत्तावन्नाव्या प्रकरणात भाबड्या जो गार्जरीच्या तोंडून येते. बहुतेक संपत्ती एस्टेलाला. पिपने मॅथ्यू पॉकेटविषयी चांगले सांगितले म्हणून अपघाताच्या एकदोन दिवस आधी लिहिलेल्या पुरवणीने त्याला ४००० पौंड. सेराला पित्तावरच्या गोळ्यांसाठी दरसाल २५ पौंड, जॉर्जियानाला एकरकमी २० पौंड, आणि कॅमिलाला रात्री जाग आली तर लावावयाच्या दिव्यांसाठी ५ पौंड. वाचक येथे हसतो आणि पुढे जातो. परंतु हीच ती पंगत आहे. अकराव्या प्रकरणात ज्या नावांना जागा वाटल्या त्याच नावांना येथे वाटे मिळाले आहेत. पूर्वी त्या जागा द्वेषाने नेमल्या होत्या. आता उशाची जागा ज्याची, त्याला सर्वांत मोठा तुकडा, आणि तोही ज्याने कधी काही मागितले नाही त्याला. केक कधीच कापला गेला नाही. त्याच्या ऐवजी मृत्युपत्र कापले गेले, आणि उशिरा का होईना, त्यात थोडा न्याय होता. तिसऱ्या प्रकरणातील पाय, अकराव्या प्रकरणातील केक आणि सत्तावन्नाव्या प्रकरणातील मृत्युपत्र यांना एकत्र बांधणारे सूत्र वाटपाचे आहे. या सूत्राने कादंबरीच्या विनोदी आणि भयानक भागांत आपल्याला वाटते तितके अंतर राहत नाही.

५

या वाचनाच्या मर्यादा सांगणे अवश्य आहे. सगळ्याच कादंबऱ्यांतील केक वाटपाच्या सूत्राने उलगडतील असे नाही. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' (१८५७) मध्ये विवाहभोजनाच्या शेवटी इव्हतोच्या हलवायाने रचलेली एक मिठाई येते. तळाशी निळ्या पुठ्ठ्याचे देऊळ, मधल्या भागात केकचा बुरूज, वर मुरंब्याची तळी आणि चॉकोलेटच्या झोक्यावर बसलेला मदन. ती पाहून लोक उद्गार काढतात. तेथे वस्तूचा दर्शनी अंशच महत्त्वाचा आहे. ज्या देखाव्याला एमा पुढे आयुष्य वाहणार आहे त्याची पहिली चव आपल्याला तेथे मिळते. उलट मार्गारेट ॲटवुडच्या 'द एडिबल वूमन' (१९६९) या कादंबरीची नायिका मॅरियन स्त्रीच्या आकाराचा केक स्वतः भाजते, वाग्दत्त वरापुढे ठेवते आणि तुला हवे होते ते हेच, असे त्याला सुचविते. तो निघून जातो, आणि ती केक स्वतः खाते. येथे केक म्हणजे स्त्री हे समीकरण लेखिकेने उघडपणे मांडले आहे, आणि ते खाऊन संपविणे हाच कथेचा आशय आहे. या दोन उदाहरणांत प्रतीकवाचन सार्थ आहे, कारण त्या कृतींनीच ते मागितले आहे. म्हणजे प्रश्न प्रतीक असण्यानसण्याचा नाही. वस्तूचे काय केले जाते हे त्या त्या कृतीत पाहून मग अर्थाकडे जावयाचे, की अर्थ आधी हाती घेऊन वस्तूकडे यावयाचे, हा प्रश्न आहे.

दुसरी मर्यादा अशी की, पंगत आणि वाटणी या आपल्या कल्पना इंग्रजी कादंबरीवर लादल्या आहेत असा आक्षेप येऊ शकेल. त्याचे उत्तर एवढेच की नातलगांच्या जागा नेमणे, भक्षणाची भाषा आणि शेवटची वाटणी या गोष्टी मूळ संहितेत शब्दशः आहेत. आपल्या संस्कारांनी त्या निर्माण केल्या नाहीत, केवळ लवकर दिसू दिल्या. परभाषेतील साहित्य वाचताना आपले लग्नघर विसरले पाहिजे असा एक संकोच आपल्या इंग्रजीच्या वर्गांत असतो. हा संकोच नेहमीच उपकारक असतो असे वाटत नाही.

आजच्या आपल्या शहरांतील स्वागतसमारंभांतही केक आला आहे. काही ठिकाणी त्याचे बहुतेक मजले नुसते दाखविण्याचे असतात. वधूवर तळाच्या एका तुकड्यावर सुरी ठेवतात, छायाचित्रे होतात, एकमेकांना घास भरवतात, आणि पाहुण्यांना द्यावयाचे तुकडे आतून वेगळे येतात. १९४० चा पुठ्ठ्याचा टोप टंचाईने आणला होता, हा सुबत्तेने आणला आहे. याचा अर्थ काय, हे समाजशास्त्राच्या अभ्यासकाने सांगावे. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र यातून एक काम निघते. हरिभाऊ आपट्यांपासून पुढे मराठी कादंबरीत लग्नघरे, पंगती आणि मानपान यांची वर्णने विपुल आहेत, आणि आपण ती बहुधा 'वास्तववादी तपशील' म्हणून बाजूला ठेवतो. कोणाचे पान कोठे मांडले, कोणाला आधी वाढले, कोण उपाशी उठले, हे तपशील कथासूत्राशी कसे जोडलेले आहेत याचा शोध पदव्युत्तर प्रबंधाला पुरेल एवढा मोठा आहे. तो घेणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवातीलाच बरोबरीचे चिन्ह काढू नये, एवढीच सूचना करावीशी वाटते.